आईनं सोडलेला भात

वरठीच्या स्टेशनवर पुण्याची सकाळची गाडी फार थांबत नाही. बाबांनी आधी तांदळाची चुंगडी डब्यात ढकलली, मग माझी बॅग, मग मला. आई खिडकीच्या गजांना धरून उभी होती. तिच्या हाताला नेहमीचा माशांचा वास होता. त्या दिवशी तिनं बाजार बुडवला होता, सकाळी दोनदा साबण लावला होता, तरी तो वास होता.

"पोटाले मारू नको," ती म्हणाली.

मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा तिनं तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. मला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असावं. शेजारच्या बर्थवरच्या काकूंनी माझ्याकडे पाहून हसून घेतलं. मी मोबाईलमध्ये बघायला लागले. मला रडू आलं नाही. त्या काळात मला रडूही येत नसे आणि विशेष हसूही येत नसे. मी हे दुःखाची गोष्ट म्हणून सांगत नाही. तेव्हा मी अशी होते, एवढंच.

हे मी घरच्यांसाठी लिहिते आहे, आणि वरठीहून, तुमसरहून याच गाडीत बसून गेलेल्या मुलींसाठीही. त्यांतल्या एखादीला यातलं काही ओळखीचं वाटलं, तर तिनं माझ्याएवढा उशीर करू नये.

आमचं गाव मोहाडीपासून जवळ आहे. बाबा तलावात मासे धरतात, आई ते मोहाडीच्या बाजारात विकते. मला मात्र त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. सकाळी शाळेची पिवळी बस रस्त्यावर यायची आणि बाबा ओल्या जाळ्यासकट मला पोचवायला यायचे. तिसरीत असताना एका मुलीनं माझा डबा उघडल्यावर नाक दाबलं. त्यात भात आणि झिंगे होते. पुढे कितीतरी वर्षं तो डबा मी शाळेच्या मागच्या नाल्यात रिकामा केला आणि घरी येऊन सांगितलं, "खाल्ला." जेवणाबद्दल खोटं बोलायची सवय तिथून लागली. पण आजार त्या मुलीमुळे झाला असं नाही. डॉक्टरांनीही सांगितलं की असं एकच कारण सापडत नाही. मी खूप दिवस शोधत होते.

बारावीच्या वर्षी ते सुरू झालं. खूप खायचं, एकटीनं, भरभर, चव न कळता. मग ते शरीराबाहेर काढायचं. मग ठरवायचं की उद्या दिवसभर काहीच खायचं नाही, आणि उद्या पुन्हा तेच. याला बुलिमिया म्हणतात हे मला इंटरनेटवरून कळलं होतं. पण तो श्रीमंत देशांतल्या मुलींचा आजार आहे, असं मी समजून चालले. मासे विकणारीच्या मुलीला तो कसा होईल? घर सुटलं की हेही सुटेल, असंही मला वाटलं होतं. गाडी नागपूरला पोचायच्या आतच आईनं दिलेल्या तांदळाच्या भाकरी संपल्या, आणि तेव्हाच कळलं की ते माझ्यासोबतच चढलं आहे.

पुण्यात मी एका कंपनीत लागले. परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. बोलायचं नसतं, फक्त टाईप करायचं, म्हणून मला ते काम जमलं. एक तयार वाक्य असायचं: तुमची अडचण मी समजू शकते. ते मी दिवसभर पाठवत असे. समोरून कधी कोणी 'थँक यू, दॅट्स काइंड' असं लिहायचं. मी स्क्रीनकडे बघत बसायची. आत काहीच नसायचं.

काहीतरी वाटावं म्हणून मी माझ्या हाताला इजा करायला लागले. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. पुण्याच्या उन्हाळ्यातही मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायची. ऑफिसात एसी असतो, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

विचारलं ते मृणालनं. मृणाल साताऱ्याची, माझ्यासोबत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. बोलते मोठ्यानं, पण तिला सगळं दिसत असतं. एका रविवारी दुपारी मी बाथरूममधून बाहेर आले तर ती दाराबाहेर जमिनीवर बसलेली होती.

"हे बघ," ती म्हणाली, "मी तीन महिने झाले बघतेय. तू चिडलीस तरी चालेल, रूम सोडून गेलीस तरी चालेल. पण उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. मी सुट्टी टाकलीये."

मी म्हटलं, "माझी शिफ्ट आहे."

"तुझीपण टाकलीये. तुझ्या टीम लीडला सांगितलं, तुला जुलाब लागलेत."

मी चिडले नाही. मला चिडायलासुद्धा यायचं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. रक्तातली क्षारांची पातळी बिघडली होती. एवढ्यानंही हृदयाला धोका असतो हे मला माहीत नव्हतं. औषध सुरू झालं. दर आठवड्याला समुपदेशक मॅडमकडे जायचं ठरलं. ज्या वस्तू माझ्या खोलीत असू नयेत त्या मृणालनं उचलून तिच्या कपाटात कुलूपबंद केल्या. हाताला काही करावंसं वाटलं की आधी तिला हाक मारायची, ती नसेल तर फोन, तिनं नाही उचलला तर कागदावर लिहिलेला पुढचा नंबर. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

जेवणाचे नियम मला सगळ्यात विचित्र वाटले. मला वाटलं होतं की जेवण कमी करायला सांगतील. त्यांनी उलटं सांगितलं. दिवसातून तीनदा जेवण, मध्ये दोनदा काहीतरी, भूक असो नसो. उपास अजिबात नाही, कारण उपाशी राहिलं की चक्र तिथूनच फिरायला लागतं. आणि प्रत्येक जेवणानंतर एक तास कोणाजवळ तरी बसायचं. नुसतं बसायचं. बाथरूमकडे जायचं नाही.

मग मॅडमनी विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

आईला सांगायला मला दीड महिना लागला. आधी मी इंग्रजीत लिहून काढलं, कारण माझ्याकडे शब्द इंग्रजीतच होते. पण आईला ते पाठवून काय होणार? शेवटी फोन केला. म्हटलं, "आई, मी जेवते आणि मग ते ओकून काढते. मुद्दाम."

"मुद्दाम काहून?"

"माहीत नाही."

पलीकडे बाजाराचा गलका होता. कुणीतरी मरळ कशी दिली विचारत होतं. आईनं त्याला उत्तर दिलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

"तिकडचं तेल खराब असंन," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "डॉक्टर काय म्हंते?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. हाताचं मी सांगितलं नाही. एका दिवसाला एवढं पुरे, असं मी स्वतःला म्हटलं. पण पुढच्या फोनमध्येही सांगितलं नाही, आणि त्याच्याही पुढच्या.

दोन महिने बरे गेले. म्हणजे आठवड्यातले बरेच दिवस बरे जायचे. आई फोनवर रोज विचारायची, "जेवली?" मी विचारायची, "तू?" ती म्हणायची, "झालं." हे खरं आहे की नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. खोटं मी बोलते, आई नाही, असंच मी धरून चालले होते.

एक दिवस मोठ्या माईचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकूचा, फोन आला.

"काय वं रोशनी, तुझी माय भात खाऊन नाई राहिली, तुले मालूम नाई?"

"म्हणजे?"

"देवीले बोलली. पोरीच्या पोटात अन्न टिकंपर्यंत म्या भात खानार नाई म्हनून. दोन महिने झाले. नुसती जवारीची भाकर तोडते, तेबी एक वेळ. लुगडं कमरेवर थांबत नाई तिचं. तुले सांगू नको म्हनली, पर म्या काय तिले भ्याची हाये?"

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांना हे कळणार नाही. आमच्याकडे सकाळी भात, संध्याकाळी भात, शिळा भातही. भाकरी खाल्ली तर जेवले असं कुणी म्हणत नाही. बांधीत म्हणजे शेतात धान, घरात धान, बाजारात मासे दिले तर कधी बदल्यात तांदूळच. आणि आईनं भात सोडला होता. मला उपास करू नको म्हणून डॉक्टर सांगत होते, आणि माझ्यासाठी माझी आई उपाशी होती.

फोन ठेवल्यावर मला काहीच वाटलं नाही. त्या आठवड्यात मात्र दोन्ही गोष्टी परत आल्या, पोटाचीही आणि हाताचीही. माझ्या प्रत्येक घासाला आता आईचा भात बांधलेला होता. एकदा चुकलं की तिचा आणखी एक दिवस वाढला. मी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आईला इथे आणता येईल?"

आई-बाबा दोघंही आले. बाबा एकच दिवस थांबले. जाताना त्यांनी पिशवीतून एक अर्धवट विणलेलं जाळं काढलं. सोबत नायलॉनच्या दोऱ्याचं बंडल होतं, विणायची बांबूची सुई होती आणि जाळ्याची घरं सारखी यावीत म्हणून मध्ये धरायची बांबूची पट्टी. ते कोपऱ्यात ठेवून म्हणाले, "जेवल्यावर तासभर बसाले लागते म्हंते ना. हात रिकामे काहून ठेवाचे?" बाबांनी माझ्या आजाराबद्दल उच्चारलेली एवढीच दोन वाक्यं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्यासोबत मॅडमकडे आली. ती खुर्चीच्या टोकावर बसली, जशी तहसील कचेरीत बसते. मॅडमनी हळू सांगितलं की ताई, तुम्ही हिच्याजवळ बसून जेवलात, जे ही जेवते तेच जेवलात, तर औषधाइतका उपयोग होईल. आई म्हणाली, "बसतो ना मॅडम. पर भात नाई खाऊ शकत मी."

"तुम्ही उपाशी राहिलात तर तिचा त्रास वाढतोय."

"आन नवस मोडला आन पोरीले काई झालं तं?" आईचा आवाज वर गेला. "तुमी याल का मंग देवीसमोर उभ्या राहाले?"

आईचं चूक नव्हतं. तिनं तिच्याजवळची सगळ्यात मोठी गोष्ट दिली होती. पण तिनं ती दिली होती मी सांगितलेल्या आजारासाठी, आणि मी अर्धाच सांगितला होता. देवीकडेसुद्धा अर्धाच पोचला होता. हे मला त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं, आणि मी काही ठरवायच्या आत माझा हात बाही वर सारत होता.

आईनं पाहिलं. ती कशी पाहते ते मला लहानपणापासून माहीत आहे. बाजारात मासा हातात घेऊन तो आजचा की कालचा हे ती न बोलता ठरवते. तसंच तिनं पाहिलं, जुनं कोणतं, नवं कोणतं. मग तिनं स्वतःचा हात माझ्या हाताजवळ टेबलावर ठेवला. तिच्या बोटांवर, तळव्यावर विळीच्या आणि माशांच्या काट्यांच्या खुणा आहेत, मोजता येणार नाहीत इतक्या.

"माह्या हाताले कामानं लागलं," ती म्हणाली. "तुह्या हाताले कोनं लावलं?"

"मीच."

तिनं पदर तोंडाला लावला नाही, मला जवळही घेतलं नाही. बराच वेळ दोन्ही हात तसेच टेबलावर होते. मग तिनं मॅडमना विचारलं, "याचंबी औषध आये का?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "तेच. हिनं लपवायचं नाही आणि तुम्ही उपाशी राहायचं नाही."

घरी आल्यावर तिनं बाबांना फोन लावला. बाबा नुकतेच गावी पोचले होते. "देवळात जा," ती म्हणाली. "देवीले सांगा, पोरीनं मले अर्धंच सांगतलं होतं, म्हून म्या चुकीचं बोलली. भाताचा नवस वापस घेतो म्हना. दुसरं काई पायजे असंन तं मांग म्हना, पर पोटाचं नको."

मृणाल हातात चहा घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. तासाभरानं बाबांचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

"सांगून आलो."

"मंग?"

"मंग काय. काई बोलली नाई."

"नीट सांगतलं का?"

"दोनदा सांगतलं. काई बोलली नाई म्हंजे चालते म्हंते. घरात तू बोलली नाई तं म्या हेच समजतो."

मृणालच्या नाकातून चहा आला. आई आधी रागावली आणि मग हसली. मलाही हसू आलं असावं, कारण मृणालनं माझ्याकडे वळून पाहिलं.

त्या दुपारी आईनं गावाहून आणलेल्या तांदळाचा भात केला, वांग्याची आंबट, पातळ भाजी केली. दोन ताटं वाढली. मी आधी तिच्या ताटाकडे पाहिलं. तिनं पहिला घास घेतला आणि खूप वेळ चघळत राहिली. घाबरली होती ती. इतकी वर्षं मला वाटत होतं की ताटासमोर घाबरणारी घरात मी एकटीच आहे. मीही घास घेतला. चांगला लागला की वाईट, सांगता येणार नाही. गरम होता.

जेवण झाल्यावर आम्ही जाळं मांडीवर घेतलं. पट्टीवरून दोरा घ्यायचा, वरच्या घरातून सुई काढायची, दोरा अंगठ्याखाली दाबायचा, गाठ ओढायची. माझ्या गाठी सुटत होत्या. आई म्हणाली, "यातून तं बेंडकी निघून जाईन." पहिल्या वीस मिनिटांत मला दोनदा उठावंसं वाटलं. ती वर न बघता म्हणाली, "बस." तिसऱ्यांदा तिनं तेही म्हटलं नाही, फक्त जाळ्याचं तिच्याकडचं टोक ओढून धरलं.

आई महिनाभर राहिली. सगळं ठीक झालं असं म्हणत नाही. ती गेल्यानंतर दोनदा चुकलं, एकदा हाताचंही. पण दोन्ही वेळा मी त्याच दिवशी सांगितलं, मॅडमना आणि आईला. आईनं त्यावर कोणताही नवस केला नाही. मी तसं मोठ्या माईकडून खात्री करून घेतलं. आता दुपारी जेवायच्या वेळी आम्ही फोन लावतो. ती बाजारातून लवकर उठते, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल धरते. फारसं बोलत नाही. तिकडे ताटाच्या कडेला माशाचा काटा ठेवल्याचा बारीक आवाज येतो. इकडे माझा डबा असतो, कधी त्यात मासे असतात. समोरचा एक मुलगा परवा म्हणाला, "भारी वास येतोय." त्याचा अर्थ मी लावत बसले नाही.

या वर्षी दिवाळीनंतर गावच्या मंडईला घरी गेले. बाहेरून वाचणाऱ्यांसाठी सांगते, मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. लवकर पिकणारा हलका धान निघालेला असतो, गावोगावचे पाहुणे येतात आणि घरात दिवसभर पंगती बसतात. आजारात मला या दिवसाची सगळ्यात जास्त भीती वाटायची. दोन वर्षं मी सुट्टी नाही म्हणून टाळलं होतं.

आमच्या घरात बाया शेवटी जेवतात, वाढून झाल्यावर, चुलीजवळ, जे उरलं ते. या वेळी पहिल्याच पंगतीत आई माझ्या शेजारी येऊन बसली. मोठी माय हातात भाताची टोपली घेऊन थांबली.

"पाय वं, माय-लेकी पावन्यावानी बसल्या. वाढाचं कोनं?"

"तू वाढ," आई म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं आये."

"तुले सांगतलं का तिले?"

"दोघीले."

मोठ्या माईनं वाढलं. माझ्या ताटात किती वाढलं याकडे कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं असेल. आईनं "आनखी घे" म्हटलं नाही, "पुरे" म्हटलं नाही. ती तिचा भात कालवत होती. नवा तांदूळ चिकट असतो, बोटांना लागून राहतो. माझ्या कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत होत्या. मोठ्या माईची नजर तिथे गेली, आणि मग ती पुढच्या पाहुण्याला वाढायला गेली.

जेवून आम्ही मागच्या अंगणात बसलो. बाबांनी खुंटीवरचं जाळं आणून दिलं, पुण्यात सुरू केलेलंच, अजून पुरं न झालेलं. बाहेर लाऊडस्पीकर वाजत होता, लोक आकाशपाळण्याकडे चालले होते. मला काही खास वाटत होतं असं नाही. आनंद वगैरे म्हणता येणार नाही. पोट जड होतं आणि ते तसं जड राहू देता येत होतं. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मी हा तास सांगेन, मग तो पुण्यात असो की इथे. कुणीतरी शेजारी बसलेलं असतं आणि तेही जेवलेलं असतं.

तास झाला की नाही हे आईनं घड्याळात पाहिलं नाही. तिनं माझ्या चार गाठी उसवून पुन्हा घातल्या, सुई दोऱ्यात खोचली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"चाल," ती म्हणाली, "भांडे पडले आये."

मी तिच्या मागे गेले.